शेवटच्या खाचेवरचा शॉकअप

भागीदारी मोडली तेव्हा गाळा त्याच्याकडे राहिला, गिऱ्हाइकं त्याच्याकडे राहिली आणि माझ्या वाट्याला एक मोटरसायकल आली. स्पोर्ट गाडी होती, पण जुनी. पुढचं प्लॅस्टिक फुटलेलं, टाकीत गंज, सीटमध्ये उंदरांचा संसार. गॅरेजच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली कित्येक पावसाळे पडून होती. माझा भागीदार खुर्चीवरून न उठता म्हणाला, "हे घेऊन जा. तुले भंगारातलं समजते." चहाला चार माणसं बसली होती. ती हसली. कोण कोण हसलं ते मी विसरलेलो नाही.

चंद्रपुरात मूल रोडला टिनाच्या शेडखाली आम्ही दोघांनी गॅरेज सुरू केलं होतं. तो गोड बोलायचा म्हणून गल्ल्यावर बसायचा. मला गोड बोलता येत नाही म्हणून ग्रीस माझ्याकडे, आणि नागपूरहून स्पेअर पार्ट आणायचं कामही माझ्याकडे. दुकानदार पहिला भाव सांगायचा आणि हा पाकीट काढायचा, असा त्याचा व्यवहार. त्याला नागपूरला पाठवलं असतं तर तो आम्हा दोघांनाही विकून परत आला असता. पुढे एका कंपनीने शोरूम द्यायचं ठरवलं. जागा त्याच्या नावावर होती. "कागदावर एकच नाव चालते म्हणे," तो म्हणाला. म्हणे! आज त्याच्याकडे काचेचं दार आहे, थंड हवा आहे, कुंडीत प्लॅस्टिकचं झाड आहे आणि भिंतीवर वळणात झोपवलेल्या गाडीचं भलंमोठं चित्र आहे. तो स्वतः वरोरा नाक्याच्या वळणावर दोन्ही पाय खाली सोडतो.

आमच्याकडे दसऱ्याला सोनं द्यायला लहान मोठ्याच्या दारी जातो. आपट्याची पानं हातात ठेवायची, वाकायचं, पाया पडायचं. भांडण असलं तरी त्या दिवशी जातात. आम्ही दोघं एकाच वयाचे, त्यामुळे गॅरेजच्या काळात ज्याला आधी जाग येईल तो दुसऱ्याच्या घरी जायचा. वाटणीनंतर त्याला वाटायचं मी जावं, मला वाटायचं त्याने यावं. त्यामुळे कोणीच गेलं नाही. त्याच्या घरावरून सोनं द्यायला मी पुढच्या गल्लीत जायचो, मुद्दाम, हातात पानं दिसतील अशी धरून.

मग त्याने ती लाल गाडी घेतली. नवी, माझ्या गाडीच्या दुप्पट ताकदीची. नागपूरच्या हौशी लोकांच्या एका टोळक्यात तो शिरला. ही मंडळी वर्षातून एकदोनदा दक्षिणेत जाऊन रेसच्या ट्रॅकवर गाड्या पळवतात आणि उरलेलं वर्ष त्याबद्दल बोलतात. एका सकाळी चहाच्या टपरीवर तो हात पसरून सांगत होता, मी किती जोरात गेलो, वारा कसा लागला.

मी म्हटलं, "सरळ रस्त्यावर कोळशाचा ट्रकबी जोरात जाते. वळणाचं सांग."

"तुह्याजवळ हाये काय वळवाले? ते भंगार?"

"तेच भंगार. चाल, त्याच ट्रॅकवर."

"अन् हरला तं?"

टपरीवरची माणसं चहाचे ग्लास घेऊन जवळ सरकली. पैशाची पैज मी लावणार नव्हतो. पैशाचं त्याला काही वाटत नाही, कारण तो त्याने कमावलेला नाही. मी म्हटलं, "जो हरन त्यानं दसऱ्याले सोनं घेऊन दुसऱ्याच्या घरी याचं. दिवसाउजेडी, समोरच्या फाटकातून. अन् पाया पडाचं." मग त्याने हात पुढे केला. पैज अशी ठरली की ट्रॅकवर दिवसभरात ज्याची एक फेरी सगळ्यात कमी वेळात होईल तो जिंकला.

आमच्या भागात गाडी मॉडिफाय करणं म्हणजे काय, हे एकदा पाहण्यासारखं आहे. कोरपन्याकडचे सिमेंटच्या ठेक्यावर गब्बर झालेले लोक येतात. सायलेन्सर असा लावतात की मेलेला माणूस उठून बसावा. खाली निळे दिवे, टाकीवर वाघाचा पंजा, मागे कुलदैवताचं नाव. गाडी पळते पहिल्याइतकीच; फक्त येते आहे हे तीन गावांना कळतं. रेसच्या गाडीचं काम उलटं असतं. त्यात लावायचं थोडं आणि काढायचं फार. मी आरसे काढले, हेडलाइट काढला, इंडिकेटर, हॉर्न, मागची सीट, मागचे पायदान, साइड स्टँड, सगळं काढलं. हँडल खाली घेतलं. पाय ठेवायच्या जागा वर आणि मागे नेल्या; ते तुकडे ॲल्युमिनियमचे मी स्वतः लेथवर उभा राहून करून घेतले, कारण लेथवाल्याला पाठ दाखवली की तो चहाला जातो. इंजिन उघडलं, नवं पिस्टन टाकलं, कार्बोरेटर साफ करून पुन्हा लावला. चेनचं पुढचं दातेरी चाक एका दाताने लहान केलं, म्हणजे वळणातून बाहेर पडताना गाडी लवकर उचलते. इंजिन थंड ठेवणारं कूलंट काढून साधं पाणी भरलं, कारण कूलंट ट्रॅकवर सांडलं तर मागून येणारा घसरतो. त्याच कारणाने ऑइलच्या नटाला भोक पाडून तो तारेने बांधला. मागच्या चाकाचे धक्के झेलणारा जुना शॉकअप गेलेला होता. दुसरा मिळवला, बसवला, आवळला आणि विसरलो.

टायरसाठी नागपूरला गेलो. दुकानदार म्हणाला, "भाऊ, हे रेसचं टायर हाये. याच्यात भाव होत नाई."

"मंग हे अर्धं काऊन धुळीनं भरलं हाये? कोणती रेस लावून आणलं?"

"ठेवलं हाये ना भाऊ, तं धूळ येनच."

"म्हंजे कोणी घेऊन नाई राह्यलं. मीच एकटा येडा आलो. येड्याले काय भाव देतं ते सांग."

मी दोनदा दुकानातून निघून गेलो, तिसऱ्यांदा त्याने हाक मारली. हाक मारणाऱ्या माणसाची मला कीव येते. हातमोज्यांचा जोडही वर फुकट दिला त्याने, तोंड वाकडं करून.

उन्हाळ्यात पिकअपमध्ये गाडी बांधून राजुऱ्यावरून तेलंगणात उतरलो आणि पुढे तमिळनाडूपर्यंत गेलो. माझा भागीदार विमानाने आला. त्याची गाडी वेगळ्या ट्रकने आली, कापडी खोळ घालून, नवरीसारखी.

ट्रॅक लहान होता आणि वळणावळणाचा. ते पाहून मला बरं वाटलं, कारण मोठ्या इंजिनाला तिथे धावायला जागा नव्हती. नागपूरच्या टोळक्याने छत्री उभारली होती, खाली घडीच्या खुर्च्या, कापलेलं कलिंगड. ज्याच्या सूटवर जास्त स्टिकर तो जास्त हळू, हे मी पहिल्याच तासात ताडलं. माझा सूट जुना होता, दुसऱ्या कोणाच्या तरी मापाचा. गुडघ्याची गादी माझ्या पोटरीवर यायची. एकाने विचारलं, "कोणत्या टीमकडून?" मी म्हटलं, "चंद्रपूर." त्याने मान हलवली, जणू ती टीम त्याला माहीत होती.

गाडी तपासणारा आला. त्याने तार पाहिली, ब्रेक पाहिले, खाली वाकून ऑइलचा नट पाहिला. मी भांडायची पूर्ण तयारी ठेवली होती. त्याने काहीच न बोलता स्टिकर चिकटवला. मला जरा निराशाच झाली.

दिवसभरात तीन वेळा ट्रॅकवर सोडायचे. पहिल्या वेळी गाडीने मला रडवलं. ब्रेक दाबला की मागचं चाक उड्या मारायचं. वळणात शिरलो की मागची बाजू बाहेर सरकायची. वळणं मला नवी नव्हती. किती तरी वर्षं मी आलापल्लीच्या पुढे भामरागडपर्यंत पार्ट पोचवले आहेत, सूरजागडचे खनिजाचे ट्रक वळणावर समोरून येतात तेव्हा ब्रेक कधी सोडायचा हे मला कोणी शिकवायची गरज नाही. म्हणजे खोट टायरमध्येच. मी तिथूनच नागपूरला फोन लावला आणि त्या दुकानदाराचा उद्धार केला.

तो शांतपणे म्हणाला, "टायर गोल हाये ना भाऊ? मंग?"

दुसऱ्या वेळी मी हवा कमी करून गेलो. गाडी तशीच उडाली आणि मी गवतात जाऊन आलो. फलकावर प्रत्येकाच्या फेरीची वेळ लागायची. माझा भागीदार माझ्या वर होता. सरळ पट्ट्यावर तो सुसाट जायचा आणि वळण दिसलं की इतका आधी ब्रेक मारायचा की मागच्याने उतरून चहा प्यावा. तरी वर होता. आता शेवटची एक वेळ उरली होती, आणि मला दसरा दिसायला लागला. त्याचं फाटक, त्याचं ते गुळगुळीत अंगण आणि मी वाकलेलो.

तो थंड पाण्याची बाटली घेऊन माझ्या गाडीपाशी आला. कुंपणाजवळ उभा राहून त्याने मला वळणात पाहिलं होतं. मागच्या चाकाकडे बोट करून खो खो हसला.

"काऊन बे, मांगं बायको-पोरगं बसवून चालवून राह्यला काय? अन् तांदळाचं पोतं?"

टोळक्यातल्यांना काही कळलं नाही. तेही हसले, नुसते सोबतीला. मी मात्र हातातला पाना तसाच धरून उभा राहिलो.

आमच्या भागात मोटरसायकलवर एकटा माणूस बसत नाही. नवरा, बायको, मधे एक पोर, टाकीवर दुसरं. बाजारातून परतताना मांडीवर पोतं. मोहाची फुलं वेचायच्या दिवसांत तर गाडी दिसतच नाही, पोतीच चालत येतात. त्यामुळे गॅरेजमध्ये येणारा प्रत्येक जण, ब्रेकसाठी येवो की क्लचसाठी, जाताना एकच सांगतो, "शॉकअप टाइट करजा भाऊ." शॉकअपला खाचा असतात, जितकी पुढची खाच, तितकी स्प्रिंग कडक. टिनाच्या शेडखाली आम्ही दोघांनी हजारो शॉकअप शेवटच्या खाचेवर नेले असतील. कोणी सांगायच्या आधी हात जायचा. याही गाडीवर तो गेला होता. मागची सीट मीच कापून काढली होती, मागे बसायला जागा ठेवली नव्हती, आणि तरी मी ती गाडी अख्ख्या कुटुंबासाठी आवळली होती. अंगाने मी काटकुळा. स्प्रिंग माझ्या वजनाने दबतच नव्हती, म्हणून चाक उडत होतं.

त्या ट्रॅकवर ही चूक ओळखणारा एकच माणूस होता, आणि तोच दात काढून उभा होता.

मी वळून पाना लावला. शॉकअप एकेक खाच मागे, मागे, अगदी पहिलीपर्यंत आणला. त्याचं हसू हळूहळू बंद झालं. आपण काय बोलून बसलो हे त्याच्या लक्षात आलं असावं. तोंडाला कुलूप नाही म्हणून याला आयुष्यभर घासाघीस जमली नाही.

शेवटच्या वेळी गाडी जमिनीला धरून बसली. मी त्याला दोन वळणं मागून पाहिलं, तिसऱ्या वळणाला त्याने नेहमीसारखा लवकर ब्रेक मारला आणि मी आतून गेलो. सरळ पट्ट्यावर त्याने मला पुन्हा गाठलं असतं. पण पुढचं वळण लगेच होतं. फलकावर माझ्या फेरीची वेळ त्याच्याहून कमी निघाली. फार नाही, शिंक यायला लागते तेवढी.

तो हेल्मेट काढून माझ्याकडे आला. "मी सांगतलं म्हून."

"तू सांगतलं नाई. तू हसला."

"हसलो म्हंजे सांगतलंच ना!"

"मंग पुढच्या वेळी रडून सांग. दसऱ्याले ये."

त्यानंतर पावसाळाभर तो गावात सांगत फिरला की शॉकअप त्याने सैल करायला लावला. पेट्रोल पंपावर ऐकलं, लग्नात ऐकलं, न्हाव्याकडे ऐकलं. न्हाव्याकडच्या कथेत तर पानाही त्यानेच फिरवला होता. मी प्रत्येक ठिकाणी म्हटलं, दसऱ्याला तो येतो की नाही ते पाहू. खरं तर तो येणार नाही अशी माझी खात्री होती, आणि आला नाही तर पुढची वीस वर्षं काय काय बोलायचं याची मी तयारीही केली होती.

दसऱ्याला गाडी धुऊन अंगणात आणली, हार घालायचा होता. साइड स्टँड काढल्यावर अशी गाडी नुसती उभी राहत नाही. मागच्या चाकाखाली लोखंडी स्टँड सरकवावा लागतो, आणि तो सरकवताना हँडल धरायला दुसरा माणूस लागतो. घरची मंडळी सोनं वाटायला गेली होती. मी गाडी मांडीला टेकवून उभा होतो, आणि समोरचं फाटक वाजलं.

पांढरा शर्ट, हातात आपट्याची पानं. शेजारची बाई भिंतीवरून पाहत होती; मी तिला सकाळीच सांगून ठेवलं होतं.

"घे सोनं," तो म्हणाला.

"हात मोकळे नाईत, दिसत नाई काय?"

"मंग स्टँड लाव ना."

"एकट्यानं लागते काय?"

त्याने पानं खिशात कोंबली आणि हँडल धरलं. उलट्या बाजूने धरलं, गल्ल्यावर बसणाऱ्याला कुठून येणार? मी मागे जाऊन खाली बसलो आणि स्टँड चाकाखाली घातला.

वरून आवाज आला, "पाह्य, आधी तूच वाकला."

मी उठलो तेव्हा त्याने टाकीवर पानं ठेवली, टाकीला हात लावला आणि तो हात कपाळाला लावला.

"माझे पाय इकडं हायेत," मी म्हटलं.

"मले गाडीनं हरवलं. तू नाई." मग त्याने मागच्या बाजूवर तळहात ठेवून अंगाचा भार दिला, एकदा, दोनदा, शेडखाली द्यायचा तसा. "अजून कडकच हाये," म्हणाला, आणि चहा न घेता फाटकातून गेला.

शेजारची बाई म्हणाली, "पाया पडला काय हो भाऊ?" मी म्हटलं, "पडला."

ती आत गेल्यावर मी पाना काढला. शॉकअप पहिल्या खाचेवरच होता, त्याच्याही मागे थोडं मळसूत्र उरलं होतं. तेवढं सैल केलं. त्याने सांगितलं म्हणून नव्हे.