काचेचा मधला भाग

आर्मोनिका म्हणजे दांड्यावर ओवलेल्या काचेच्या वाट्या. त्या फिरत राहतात आणि ओल्या बोटांनी वाजवायच्या. कुवेतमध्ये ती कुणाकडेच नव्हती, म्हणून आमच्या चौघींच्या ग्रुपमध्ये तिचे सूर मी पाणी भरलेल्या ग्लासांवर वाजवायचे. बाकीच्या फ्लूट, व्हायोला आणि चेलोवर. बोटाला जरा तेल लागलं तरी काच गात नाही. त्यामुळे सरावाच्या दिवशी मी पोळीसुद्धा चमच्याने खायचे आणि आई वैतागायची.

त्या शुक्रवारी सगळ्या आमच्या फिंतासच्या घरी आल्या. बाबा समोरच्या खुर्चीत डोळे मिटून बसले. मधल्या संथ भागात बाकीची वाद्यं थांबतात आणि काच एकटीच वाजते. मी सुरुवात केली, आणि बाबांनी डोळे उघडून जोरात टाळ्या वाजवल्या.

"अंकल, अभी तो इंटरवल भी नहीं हुआ!" फ्लूटवाली म्हणाली.

"अहो, वाजवतेय ना ती अजून!" आई म्हणाली.

बाबा हसले. "आमच्या प्लांटमध्ये आवाज थांबला की शिफ्ट संपली!"

सगळ्या हसल्या. मीही हसले, खाली बघत. बाबांची सव्वीस वर्षं कॉम्प्रेसरच्या शेजारी गेली होती. टीव्हीचा आवाज ते वाढवतात, आई हाका मारून थकते, हे मला माहीत होतं. पण ते 'वय झालं'मध्ये बसायचं. हे बसत नव्हतं.

सगळ्या गेल्यावर मी ग्लास आवरत होते. बाबा जवळ आले.

"मी टाळ्या वाजवल्या, तेव्हा तू वाजवत होतीस?"

"Yes, Baba." अवघड वेळी मला इंग्रजीच सुचतं.

त्यांनी खुर्ची ग्लासांजवळ ओढली.

"परत वाजव. एकच. मी नीट ऐकतो."

मी बोट ओलं केलं आणि सगळ्यात मोठ्या ग्लासच्या काठावरून फिरवू लागले. स्वर स्वच्छ लागला. बाबांनी डोळे मिटले, मान थोडी कलती केली. कपाळावर आठ्या पडल्या. मी वाट पाहिली. मला ते बघवेना, म्हणून मी बोट उचललं. स्वर विरला. खोलीत फक्त एसी चालू होता.

"हां," बाबा डोळे मिटूनच म्हणाले, "आता येतंय. बारीक आहे, पण येतंय."

मी बोट परत काठावर ठेवलं.