संपतकडं वळलेला हात

“संपत पडला! आरं फिरवा, फिरवा मागं! संपत पडला!”

हे मी बोंबलत होतो. कडेगावच्या मराठीत, भर दक्षिण महासागरात. शर्यतीच्या यॉटवर अशा वेळी काय ओरडायचं ते आमच्याकडून इंग्रजीत घोकून घेतलं होतं. ऐन वेळी तोंडातून आलं ते हे. आणि त्या यॉटवर मराठी कळणारा दुसरा एकच माणूस होता... तो पाण्यात होता.

आधीच सांगतो — भूत, देवदेवस्की, अंगात येणं, असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नाही. थापा मारण्यात मी तालुक्यात पहिला, हे कबूल. स्टँडवर माझी गोष्ट सुरू झाली की कंडक्टर गाडी सोडायची थांबवतो. तेव्हा तुम्ही हसणार हे ठाऊक आहे. हसा.

मीही हसलोय. आमचे चुलते, आबा, पाणाड्या. लिंबाची दोन फाट्यांची काटकी धरून रानातून चालायचे, काटकी खाली वळली की म्हणायचे, “हितं मारा बोअर.” लोक मारायचे, आणि पाण्याऐवजी एवढी धूळ उडायची की पार विट्यापर्यंत बाया वाळवणं आत घ्यायच्या.

“आबा, काटकी तुमीच वळवताय न्हवं?”

“मनगट माझं ऱ्हातच न्हाई रं तवा.”

मी पोट धरून हसायचो.

तर संपत. खंडाळ्याचा. फौजेत आम्ही बरोबर होतो, शिडाची नाव चालवायला शिकलो तीही तिथंच. रिटायर झाल्यावर कळलं की जगाला वळसा घालणाऱ्या एका शर्यतीत हौशी खलाशीही घेतात. संपतला मीच भरीला घातलं — “समुद्र म्हंजे काय रं, जरा मोठं शेततळं!” निघताना त्याची बायको एवढंच म्हणाली, “भावजी, न्हेताय तसं आणा म्हंजे झालं.”

केपटाउन सोडून आम्ही ऑस्ट्रेलियाकडे निघालो होतो. लाटा अजिंक्यताऱ्याएवढ्या. बरं, निम्म्या म्हणा. थंडी अशी की आपलेच पाय शेजाऱ्याचे वाटायचे. दुपार होती, पण उजेड राखेसारखा. संपत पुढच्या शिडाकडे निघाला, कमरेचा हुक एका दोरीतून काढून दुसरीत अडकवायचा, तेवढ्यात लाट आली आणि तो गेला.

नियम असा, की माणूस पडला की बाकीचे शिडं उतरवतात आणि एकानं फक्त त्याच्याकडे हात रोखून उभं राहायचं. नजर हलवायची नाही. कॅप्टननं त्या हाताच्या दिशेनं यॉट वळवायची. हात चुकला की माणूस गेला, कारण त्या गार पाण्यात फार वेळ कुणी टिकत नाही.

मी हात रोखला. संपतचं लाल जाकीट एकदा दिसलं... आणि पुढची लाट थेट माझ्या तोंडावर. खाऱ्या पाण्यानं डोळे गेले, नुसती आग.

“दिसंना मला! कुणीतरी बघा, मला दिसंना!”

पुन्हा मराठीतच! आमची कॅप्टन आयर्लंडची बाई, तिला वाटलं मी दिशा सांगतोय.

“गुड! कीप पॉइंटिंग!”

हात खाली घ्यावा म्हटलं. घेता येईना. कोपराच्या पुढं काही जाणवतच नव्हतं... आणि तो वळत होता. सावकाश. कुणीतरी मनगट धरून फिरवावं तसा. यॉट एकीकडे वळली की तो दुसरीकडे वळायचा. मी फक्त त्याला जोडलेला होतो. भीती? नाही. काहीच वाटलं नाही. आतला मेन स्विच कुणी पाडावा तसं. संपतच्या बायकोला फोनवर काय सांगायचं ती वाक्यं मात्र मनात जुळत होती — शांतपणे, लांबच्या कुणाची बातमी असावी तशी.

मग सगळे ओरडले. डोळे पुसून पाहिलं तर संपतला जाळीनं वर ओढत होते. ओठ जांभळे, पण श्वास चालू.

लोक मिठ्या मारत होते, रडत होते. मला ना हसू येईना, ना रडू. कॅप्टन म्हणाली, “मी तुझ्याकडे बघतच नव्हते, फक्त हाताकडे. इतका ठाम हात कधी पाहिला नाही.” परत आल्यावर मिरजेच्या डॉक्टरांनी खांद्याचा फोटो बघून विचारलं, “कुणी पिरगळला?” थंडीनं हात आखडला असेल, लाटांचा अंदाज अंगात मुरला असेल... सगळे तर्क लढवून झाले. एकही पुरत नाही. एरवी कुठल्याही गोष्टीला चार शेपटं जोडणारा मी, इथं एकही जोडता येत नाही.

दुसऱ्या दिवशी संपत अंगाभोवती दोन ब्लँकेटं घेऊन चहा पीत बसला होता. शेजारी बसलो. विचारलं, “पाण्यातनं माझा हात दिसत हुता का रं तुला?”

त्यानं कपातून नजर वर केली नाही.

“दिसत हुता की. पर त्वांड तुझं पलीकडं हुतं. तू पाठमोरा उभा हुतास, गड्या.”