बॉम्बरमधली ओल

आमच्या हॉस्पिटलात काही चुकलं की सगळ्यांना ट्रेनिंगला बसवतात. इंग्लंडमध्ये वॉटफर्डजवळच्या या हॉस्पिटलात मी बरीच वर्षं भूल देते आहे, त्यामुळे अशी ट्रेनिंगं मला नवी नाहीत. एक मात्र डोक्यातून जात नाही.

आधी काय घडलं ते सांगते. ऑपरेशननंतर रिकव्हरी वॉर्डात आणलेल्या एका आजोबांना रक्तदाब टिकवायचं औषध पंपातून चालू होतं. पंप सारखा 'नळी तुंबली' असा अलार्म देऊन थांबायचा. नळी कुठेच तुंबलेली नव्हती. ड्यूटीवरची नर्स केरळची, शांत आणि कामात चोख. ती दर वेळी नळी तपासून पंप पुन्हा चालू करत होती. मग तिने मला बोलावलं आणि आम्ही पंप बदलला. तोवर आजोबांचा दाब बराच उतरला होता. सुदैवाने ते सावरले आणि घरी गेले.

चौकशी झाली. इंजिनिअरने पंप तपासला, तर तो उत्तम चालत होता. म्हणजे चूक कोणाची? नर्सची. तिने पंप बदलायला उशीर केला. तिला परत पंप शिकायला पाठवलं, आणि आम्हा बाकीच्यांसाठी सेफ्टी मॅनेजरने बाहेरून एक वक्ता आणला.

वक्ता वेस्टकोट घालून आला होता. विमानांवर बोलणार होता, म्हणून मी विचारलं, "तुम्ही पायलट होतात का?"

"नाही," तो म्हणाला, "पण एव्हिएशनबद्दल मी फार पॅशनेट आहे."

पॅशनेट माणसाने व्हिडिओ लावला. अमेरिकेचं स्टेल्थ बॉम्बर: शेपूट नसलेलं, काळं, सपाट. धावपट्टीवरून उचललं जातं न जातं तोच त्याचं नाक भलतंच वर गेलं, ते एका बाजूला कललं, पंख जमिनीला घासला आणि आगीचा लोळ उठला. दोघे पायलट सीटसकट बाहेर फेकले गेले आणि वाचले. हे जगातलं सगळ्यात महागडं विमान होतं, असं वक्ता पुन्हा पुन्हा सांगत होता, जणू त्याने स्वतः ते विकलं होतं.

"आता टेबलावर चर्चा करा," तो म्हणाला. "पायलटांचं काय चुकलं?"

सगळ्यांना पिवळ्या चिकटचिठ्ठ्या वाटल्या. शिकलेसवरलेले लोक मान खाली घालून लिहू लागले. आमच्या टेबलावरच्या सर्जनने 'अतिआत्मविश्वास' असं लिहिलं. विषय त्याच्या अभ्यासाचा होता. कोणी 'कम्युनिकेशन' लिहिलं, कारण ते कुठेही चालतं.

मी तोवर फोनवर त्या अपघाताबद्दल वाचत होते. चौकशीतून निघालेलं कारण कोणालाही वाचता येतं. ते विमान ज्या बेटावरच्या हवाई तळावर होतं, तिथे पाऊस झाला होता. हवेचा दाब मोजणाऱ्या सेन्सरांपैकी काहींत ओल शिरली होती. ओल असतानाच ते सेन्सर जुळवून घेतले, म्हणजे ओलं माप हेच खरं माप ठरलं. उड्डाणाआधी हीटर चालू झाल्यावर ओल सुकली आणि सगळं माप चुकलं. कॉम्प्युटरला वाटलं, वेग पुरेसा आहे आणि नाक खाली झुकलंय. म्हणून त्याने स्वतःच नाक वर खेचलं. पायलटांच्या हातात काही उरलंच नव्हतं. आणि खरी गोष्ट पुढेच होती. आधी हीटर लावून सेन्सर सुकवायचे आणि मग जुळवायचे, ही युक्ती काही जणांना ठाऊक होती. ती तोंडी राहिली. या तळावरच्या लोकांपर्यंत पोचलीच नाही.

मी हात वर केला. "पायलटांचं काही चुकलं नव्हतं. ओल होती, आणि ज्यांना माहीत होतं त्यांनी ते सगळ्यांपर्यंत पोचवलं नव्हतं."

वक्ता हसला. "फारच छान मुद्दा. तो आपण पार्क करू या, नंतर बघू." फळ्यावर पार्किंगसाठी खरोखरच एक चौकोन काढलेला होता. त्याने माझा मुद्दा त्यात लिहिला आणि पुढची स्लाइड लावली. मॅनेजर पहिल्या रांगेत मान डोलावत होता.

चहाच्या वेळी आयसीयूचा कन्सल्टंट डॉक्टर माझ्याजवळ आला. बिस्किट खात म्हणाला, "गंमत आहे. आमच्याकडेही पंप पुसल्यावर लगेच चालू करत नाही. जंतुनाशक वाइप्सचं पाणी आत जातं, चालू करताना पंप दाबाचं चुकीचं शून्य धरतो, आणि मग नळी तुंबल्याचा अलार्म देत बसतो. आम्ही सुकू देतो."

"कधीपासून?"

"बरीच वर्षं झाली."

"रिकव्हरीला सांगितलं का?"

त्याने खांदे उडवले. "त्यांनी कधी विचारलं नाही."

माझ्या हातातला चहा त्याच्या अंगावर ओतावा असं वाटलं. ओतला नाही. तशीच मॅनेजरकडे गेले आणि सगळं सांगितलं. रिकव्हरीत पंप पुसून लगेच लावतात, त्या दिवशीही तसंच झालं असणार, इंजिनिअरने तपासला तेव्हा तो सुकलेला होता. नर्सच्या नावावरची चूक काढून टाका.

"तुमचं पॅशन मला आवडलं," तो म्हणाला. हा शब्द बहुधा त्या दिवशी घाऊक भावात आला होता. "पण चौकशी आता क्लोज झाली आहे. पंपांचा विषय इक्विपमेंट कमिटीकडे न्यावा लागेल."

मी नेला. कमिटीने तो इन्फेक्शन कंट्रोलकडे पाठवला, कारण वाइप्स त्यांचे. त्यांनी तो परत पाठवला, कारण पंप त्यांचे नव्हते. शेवटी रिकव्हरीच्या भिंतीवर एक रंगीत पोस्टर आलं: पंप हाताळताना सतर्क राहा. ओलीबद्दल एक शब्द नाही.

नर्सला मी कॅन्टीनमध्ये गाठून खरं कारण सांगितलं. तिने शांतपणे ऐकलं.

"म्हणजे माझी चूक नव्हती."

"नव्हती. मी तसं लेखी दिलंय."

"ते कोण वाचणार, डॉक्टर?"

काही महिन्यांनी तिने दुसऱ्या हॉस्पिटलात अर्ज केला. त्यांनी मागितलेला अभिप्राय मी लिहिला, आणि त्यात पंपाची हकीगत पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत मांडली. तिला ती नोकरी मिळाली.

मॅनेजरला त्या ट्रेनिंगबद्दल सेफ्टीचं बक्षीस मिळालं. कॉरिडॉरमध्ये दिसला की हसतो. मी त्याच्याकडे न बघता पुढे जाते.