काढून घेणारे सर

स्टेज केलेली फाइल परत काढून घेण्यात आमच्या सरांचा हात धरणारा माणूस अख्ख्या मराठवाड्यात सापडायचा नाही. कोडमधले बदल कायमचे नोंदवायचे म्हणजे कमिट करायचे, आणि त्याआधी कुठले बदल जाणार ते निवडून स्टेज करून ठेवायचे, एवढी साधी रीत. आम्ही ते एका दमात उरकतो. सर डझनभर फाइली ठेवणार, चहा पिऊन येणार, आणि एखादी सोडून सगळ्या काढून घेणार. चिकलठाण्याच्या ऑफिसात मी नवा असताना त्यांनी माझ्या मशीनवर माझ्याच फाइली अशा काढल्या, तेव्हा मी जवळजवळ किंचाळलो. आठवड्याचं काम गेलं म्हणून! सर शांतपणे म्हणाले, "लई घाबरतो रे तू. पुसलं नाय काही, लिहिलेलं जागच्या जागी हाय. फक्त एवढ्यात जाऊ नको म्हणलं त्याला." खरंच सगळं जागेवर होतं, वर एका फाइलीत मी सर्व्हरचा पासवर्ड उघडा टाकलेला, तो कमिट होता होता राहिला. त्या दिवसापासून मी त्यांचा भक्त झालो.

ऑफिसबाहेरही हीच तऱ्हा. नान-खलिया मागवतील आणि वेटर वळला की "भाई, रुको जरा!" वेटरही आता हुशार झालाय, ऑर्डर ऐकून तो हलतच नाही.

गेल्या जूनमध्ये त्यांची एकुलती एक लेक शिकायला हैदराबादला निघाली. तिचं सामान सरांच्या कारमध्ये भरायला मी गेलो होतो. डिकी भरली की सर एकेक वस्तू बाहेर काढत. कुकर कशाला? ही चादर राहू दे. बघता बघता सगळं सामान पुन्हा ओट्यावर! सरांना पोरीला थांब म्हणायचं होतं आणि तोंडानं ते म्हणवत नव्हतं, हे तिथे सगळ्यांनाच कळत होतं. शेवटी लेकच म्हणाली, "पप्पा, गाडी सुटंल. जाऊ द्या ना मला."

सरांनी तिच्याकडे पाहिलं आणि सगळं सामान स्वतःच्या हातानं पुन्हा भरलं. डिकी लावली. स्टेशनवर गाडी हलली तेव्हाही ते हसत होते. शेवटचा डबा दिसेनासा झाल्यावर म्हणाले, "एरवी रोज लेट असती रे ही गाडी. आज नेमकी वेळेवर सुटली."

एवढं बोलून ते तिथेच उभे राहिले. मलाही त्यांना चला म्हणवेना.