लग्नाच्या अक्षरात मावशीला श्रद्धांजली

मुलुंडहून बोरिवली म्हणजे पूर्वी रिक्षात कंबर मोडून घ्यायची. या वेळी मावशीच्या तेराव्याला मेट्रोने गेले. लोकलने घाटकोपर, तिथून पहिली मेट्रो, हायवे स्टेशनला उतरून पुलावरून गुंदवली, तिथून दुसरी. शंभराच्या आत काम होतं, वर गारवा फुकट.

मी अक्षरं काढते. 'अबोली' हा फॉन्ट माझा. बोरूच्या वळणाची, लांब शेपट्यांची ती अक्षरं पत्रिकेवर मोठ्ठं 'शुभविवाह' लिहायला घडवली. वाटेत ती जिथे तिथे भेटत गेली आणि माझं डोकं फिरत गेलं. घाटकोपरला फरसाणाच्या दुकानावर, ते एकवेळ चाललं. पण गुंदवलीला भिंतीवर 'येथे लघवी करू नये', तेही वेलांटीला झोका देऊन! डोळे आहेत की बटणं यांना?

राष्ट्रीय उद्यान स्टेशनवरून रिक्षा केली. सोसायटीच्या गेटवर बॅनर होता, 'भावपूर्ण श्रद्धांजली'. माझ्याच अबोलीत! श्रद्धांजलीची वेलांटी मुंडावळीसारखी खालच्या फोटोतल्या मावशीच्या कपाळावर आलेली. माझ्या मावशीची अशी थट्टा? आत न जाता मी तणतणत कोपऱ्यावरच्या बॅनरवाल्याकडे गेले.

"अहो, हे लग्नाचं अक्षर आहे. घरातलं माणूस गेलंय ना!"

"मॅडम, मी साधा फॉन्ट दाखवलेला. नंदूभाऊ ऐकेना."

नंदू म्हणजे मावशीचा मुलगा. मला गेटवरून वळताना बघून तोही मागोमाग आला होता.

"दुसरा छापा," मी बॅनरवाल्याला म्हटलं. "साध्या अक्षरात. संध्याकाळी लोक भेटायला यायच्या आत."

"काही छापू नको रे," नंदू म्हणाला. "ताई, आईनेच सांगून ठेवलेलं. हॉस्पिटलात. माझ्या बॅनरला आमच्या पोरीचंच अक्षर लावा म्हणाली."

"मग मला फोन नाही करायचा? हाताने काढून दिलं असतं, शांत, सरळ!"

"केलेला ना. तू रडतच होतीस यार. काय सांगणार?"

बॅनर राहिला. दुपारी पानात वडे आणि काळ्या वाटाण्याचं सांबारं होतं, मावशीच्या आवडीचं. संध्याकाळी त्याच बॅनरखाली हात जोडून उभी राहिले. शेजारच्या काकू वर बघून म्हणाल्या, "काय झकास अक्षर आहे गं! अगदी पत्रिका वाटते."

"माझंच आहे," मी दातओठ खात म्हणाले.

परतीचा प्रवास तसाच. भिंत रंगवणाऱ्यावरचा राग अजून आहे. नंदूवर आहे. मावशीवर तर सगळ्यात जास्त आहे. असलं काही मागायचं तर मला सांगून जायचं होतं. घरी येऊन दिवा लावला, बोरू घेतला, आणि तिच्यासाठी एकदा तरी नीट लिहायचं म्हणून 'श्रद्धांजली' सरळ, बिनशेपटीची लिहायला बसले. शेवटच्या वेलांटीला हात थांबला नाही, गेला आपला झोक्यात खाली. दुसरा कागद घेतला नाही.