भवानीचे चार टायर

हॅल्सेमा या डोंगरी रस्त्यावरचे भाजीच्या ट्रकचे ड्रायव्हर गमतीनं म्हणतात, कोंचिंगच्या खानावळीत गिऱ्हाईक ताटाकडे बघतं आणि कोंचिंग गिऱ्हाइकाच्या चाकांकडे. यात थट्टा थोडी आणि खरं जास्त. अतोक गावाच्या एका वळणावर डोंगराला पाठ टेकून तिची खानावळ उभी आहे. समोर रस्ता, रस्त्यापलीकडे दरी, आणि दुपार कलली की दोन्ही धुक्यात गडप. कोबी, गाजरं, बटाटे लादलेले ट्रक तिच्या खिडकीखालून ला त्रिनिदादच्या बाजाराला उतरतात आणि रिकामे होऊन वर येतात. कॉफी ओतता ओतता तिची नजर खाली जाते. कुणाचं रबर गुळगुळीत झालंय, कुणाच्या टायरला पोट सुटलंय. मग ती भाताची ताटली समोर ठेवताना एवढंच म्हणते, "जेव. पण त्या डाव्या चाकाचं काय ते बघ."

ती अशी आधीपासूनच. नवरा आर्तेमियो गेला तेव्हा रोवेना शाळेत होती. खानावळ हातात आल्यावर कोंचिंगनं पहिलं काम केलं ते वळणाकडचं फाटक बंद करण्याचं. ट्रक तिथून उलटे रस्त्यावर यायचे आणि तिच्या काळजाचं पाणी व्हायचं. आता गाड्या वरच्या सपाटीवर लावायच्या आणि चालत खाली यायचं. "भाताच्या ताटलीसाठी डोंगर उतरायचा?" म्हणत निम्मे ड्रायव्हर दुसरीकडे जाऊ लागले. तो सगळा हंगाम तिनं माश्या मारत काढला, पण फाटक उघडलं नाही. पुढे सगळे परत आले. तिच्या खारवलेल्या मांसाच्या रश्श्याला त्या रस्त्यावर तोड नाही, हेही एक कारण असेल.

रोवेना आता सुईण आहे, सरकारी दाखला मिळवलेली. आजूबाजूच्या वाड्यांवर तिची फेरी असते, आणि एखादी बाई अडली तर तिला घेऊन खाली इस्पितळात जायचं तेही रोवेनाच्याच जुन्या गाडीतून. त्या गाडीचे टायर झिजले होते. ते बदलायचे यावर मायलेकींचं एकमत होतं. कुठले घ्यायचे, यावर नव्हतं.

कोंचिंगला हवे होते नावाजलेल्या कंपनीचे, जे ती वर्षानुवर्षं खिडकीतून बघत आली होती. आणि देल्फिननं ला त्रिनिदादला टायरचं नवं दुकान काढलं होतं, त्यात माल होता वेगळाच. बंदरावर कंटेनरनं उतरलेला, नाव कुणी न ऐकलेलं, किंमत जवळपास निम्मी.

देल्फिन परका असता तर गोष्ट इथेच संपली असती. पण तो रोवेनाचा निनोंग, बाप्तिस्म्याच्या वेळी तिला हातावर घेतलेला धर्मपिता. त्या नात्यानं कोंचिंगचा कुम्पारे आणि ती त्याची कुमारे. आर्तेमियोचं शव खालच्या बागिओ शहरातून वर आणलं ते देल्फिननं. रोवेनाच्या परीक्षेच्या दिवशी दरड कोसळून रस्ता बंद झाला, तेव्हा तिला मोटारसायकलवर बसवून शेतांच्या बांधांवरून खाली पोचवलं तेही त्यानंच. अशा माणसाला "तुझा माल नको" कसं म्हणायचं? कोंचिंग नुसतं "बघू" म्हणत राहिली. आपल्याकडे "बघू" म्हणजे नाही, हे शेंबड्या पोरालाही कळतं. पण देल्फिनला त्या दिवसांत दुकानापुढे काही दिसत नव्हतं.

दुकानाच्या उद्घाटनाला खानावळ सोडून कोंचिंगला जाता आलं नाही. रोवेना एकटी गेली. दुपारी ती परतली, आणि कोंचिंगनं सवयीनं खाली बघितलं. चार चाकं, काळी कुळकुळीत, रबराचे केससुद्धा अजून झडले नव्हते.

"हे काय?"

"नानांग, आधी ऐकून तरी घे. निनोंगनी सगळ्यांसमोर माझं नाव पुकारलं. म्हणाले, माझ्या दुकानाची भवानी माझ्या लेकीच्या हातून. फादर पवित्र पाणी घेऊन उभे. गाडी जॅकवर चढलीसुद्धा. मी काय म्हणणार होते, थांबा, आईला विचारून येते?"

"हो. असंच म्हणायचं होतं."

"मी सत्तावीस वर्षांची आहे!"

"मग सत्तावीस वर्षांच्या बाईनं म्हणायचं होतं."

भवानी म्हटल्यावर कोंचिंग मनातून हादरली होती. पहिलं गिऱ्हाईक घासाघीस करत नाही, आणि भवानीचा माल कुणी परत करत नाही. केला तर दुकानाचा गल्ला उपाशी राहतो. रोवेनानं दिलेल्या नोटा देल्फिननं शकुन म्हणून सगळ्या टायरांच्या चवडीवरून फिरवल्या होत्या, आणि फादरांनी दुकानाबरोबर गाडीवरही पाणी शिंपडलं होतं. म्हणजे चहूबाजूंनी गाठ पक्की.

ती चाकापाशी उकिडवी बसली. "हे नाव वाच बघू."

रोवेनानं दोनदा प्रयत्न केला. दोन्ही वेळा वेगळंच काहीतरी निघालं. दोघींनाही हसू फुटलं, पण कोंचिंगनं आपलं गिळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ड्रायव्हरांची पंचायत भरलीच. फाउस्तो नावाचा कोबीवाला गाडीखाली डोकं घालून आला. थोरल्या बहिणीला म्हणतात तसं सगळे ड्रायव्हर कोंचिंगला मनांग म्हणत.

"मनांग, शिक्का यंदाचा आहे. पडून राहिलेला माल नाही."

"आणि रबर?"

त्यानं नख रुतवून बघितलं. "जरा कडक आहे. म्हणजे टिकेल."

"टिकेल रे. ओल्या रस्त्याला धरेल का?"

फाउस्तोनं कॉफीचा घोट घेतला. "ते चालवल्यावर कळतं."

"तुझ्या ट्रकला कुठले आहेत?"

"पुढे नावाचे. मागे मिळतील ते."

"असं का?"

"पुढे मी बसतो, मनांग. मागे कोबी."

सगळे हसले. कोंचिंग हसली नाही. "आमच्या गाडीत कोबी नसतो," ती म्हणाली. "पुढे माझी मुलगी असते आणि मागे कळा देणारी बाई."

कोपऱ्यातला एक म्हातारा ड्रायव्हर रश्श्याची वाटी खाली ठेवत म्हणाला, "पण भवानी परत करशील? देल्फिन तुझा उंबरा ओलांडणार नाही पुन्हा."

"त्याचा उंबरा मी ओलांडीन," कोंचिंग म्हणाली, आणि रिकाम्या वाट्या उचलून आत गेली.

रोवेनाच्या सुट्टीच्या दिवशी कोंचिंगनं खानावळीला कुलूप लावलं आणि स्वतः गाडी चालवायला बसली. स्वयंपाकघराच्या नव्या छपरासाठी साठवलेले पैसे तिनं पिशवीत घेतले होते. ते बघून रोवेनानं तोंड खिडकीकडे फिरवलं ते फिरवलंच. बारीक पाऊस होता. रस्ता ओला, वळणावर वळणं. कोंचिंग प्रत्येक वळणावर कान टवकारून बसली होती. गाडी कुठे म्हणून घसरली नाही. आवाज नाही, थरथर नाही.

"बघ, किती छान चालतेय," अर्ध्या वाटेवर रोवेना बोलली.

"दिसतंय मला."

"मग मागे फिरूया ना."

"एका दिवसाच्या पावसानं मला काही कळलं नाही, आणि तुलाही नाही."

"तू माझी लाज काढणार आहेस, नानांग. ज्या माणसानं मला..."

"त्या माणसानं काय काय केलं ते मला शिकवू नकोस. मी मोजत नाही, पण विसरतही नाही."

दुकानावर उद्घाटनाच्या कागदी पताका अजून लटकत होत्या. देल्फिन हात पुसत बाहेर आला. "ये, कुमारे, ये! कशी चालतेय? लोण्यासारखी ना?"

"छान चालली."

"मग! मी सांगत नव्हतो?"

"चारही काढून दे, कुम्पारे."

तो आधी हसला. मग रोवेनाचा पडलेला चेहरा बघून थांबला. "काय झालं? काय वाईट आहे यांच्यात? माझ्या स्वतःच्या गाडीला हेच आहेत. चल, दाखवतो."

खरंच तेच होते. त्याची गाडी, त्याचीच बायको मिलाग्रोस आणि मुलं तिच्यातून फिरणारी. तो फसवत असता तर तिला सोपं गेलं असतं.

"वाईट काही मला माहीत नाही," ती म्हणाली. "चांगलंही काही माहीत नाही. माझं भांडण तेवढंच आहे. ते दुसरे टायर मी डोळ्यांसमोर झिजताना बघितलेत, पावसात, धुक्यात, ओझ्याखाली. हे बघितलेले नाहीत. कदाचित चांगले निघतीलही. पण त्या कदाचितवर मी रोवेनाला बसवणार नाही."

"अगं, मी आहे ना! उद्या काही झालं तर माझ्या दारात ये."

"तू होतास म्हणून मी आज उभी आहे. पण हे टायर तू बनवले नाहीस, देल्फिन. ज्यानं बनवले त्याचं दार कुठे आहे, तुला तरी ठाऊक आहे का?"

देल्फिनला ते ठाऊक नव्हतं. त्याला फक्त बंदरावरचा दलाल ठाऊक होता. त्यानं इकडेतिकडे बघत आवाज खाली आणला. "आणि भवानी? भवानी परत घेऊ मी? मिलाग्रोस मला घराबाहेर झोपवेल."

"भवानी कोण परत करतंय? तुझ्या गल्ल्यातला एक पेसो मला नको. टायर माझेच. घरी नेते आणि खानावळीच्या छपरावर ठेवते. वादळात पत्रे उडतात, वजन हवंच आहे."

"छपरावर?" देल्फिनचा आवाज चिरकला. "नवे कोरे टायर? येणारा जाणारा प्रत्येक ड्रायव्हर बघेल, देल्फिनचे टायर कोंचिंगच्या छपरावर!"

"बघेल खरा. वळणावरच आहे."

रोवेनाच्या नाकातून हसू निसटलं. देल्फिन गर्रकन वळला. "तू हसतेस?"

"नाही, निनोंग."

"हसतेय! आईवर गेलीस." त्यानं डोक्यावरची टोपी काढली, पुन्हा घातली. दुकानात एक चक्कर मारली. शेवटी म्हणाला, "टायर ठेवून जा. त्या किमतीचा दुसरा माल ने. बॅटरी ने, तेल ने. पैसे गल्ल्यातच राहतात, म्हणजे भवानी मोडत नाही."

"बॅटरी कुठल्या कंपनीची?"

देल्फिननं कपाळाला हात लावला. "तुझ्या खानावळीच्या दिव्याला आहे तीच, बाई!"

सौदा ठरला. टायर काढायला गाडी जॅकवर ठेवून कोंचिंग रस्ता ओलांडून समोरच्या दुकानात गेली. छपराचे पैसे मोजून दिले आणि नावाजलेल्या कंपनीचे चार टायर घेतले. दुकानदार म्हणाला, लगेच बसवून देतो, फुकट. ती नको म्हणाली. मायलेकींनी दोन खेपा करून चारही टायर रस्त्यातून गडगडवत देल्फिनच्या दारात आणले. बाजारातल्या बायका भाजी निवडायची थांबून बघत होत्या.

"आता हे बसवून दे."

"त्याचे टायर? मी? माझ्या दुकानात?"

"टायर तुझ्या लेकीचे आहेत. निनोंग तू आहेस. तो समोरचा तिचा कोण लागतो?"

देल्फिननं पान्हा उचलला. राग त्याच्या मानेवर लाल चढला होता. पहिला टायर त्यानं फिरवून फिरवून बघितला, दुसरा बघितला. तिसऱ्यापाशी थांबला, चष्मा लावला, बाजूवरचा शिक्का अंगठ्यानं पुसला.

"हा कधीचा आहे बघितलंस का?"

कोंचिंग वाकली. बाकीचे तिन्ही टायर यंदाचे होते. हा एक चार वर्षांपूर्वीचा होता, कुठल्यातरी कोपऱ्यात पडून राहिलेला. तिनं नाव बघितलं होतं, नक्षी बघितली होती, पैसे दिले होते. शिक्का बघायचा राहिला होता. दुसऱ्यांच्या चाकांवर डोळा ठेवणारी कोंचिंग स्वतःच्याच खरेदीत चुकली होती. तिचे कान तापले.

देल्फिन टायर उचलून तरातरा रस्ता ओलांडून गेला. पलीकडून त्याचा आवाज अख्ख्या बाजारानं ऐकला. "माझ्या पोरीला शिळा माल देतोस? ती बायकांना बाळंतपणाला नेते यातून! आण ताजा!" समोरचा काहीतरी पुटपुटत राहिला. देल्फिन नवा टायर घेऊन आला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर सकाळपासून प्रथमच समाधान होतं.

"नावाला भुलू नये, कुमारे."

"भुलले," कोंचिंग म्हणाली. "म्हणून तर बसवायला तुझ्याकडे आणले."

"आता गोड बोलू नकोस." तो पुन्हा चाकाशी बसला. प्रत्येक नट त्यानं दोनदा आवळला. हवा भरून मोजली, पुन्हा मोजली. रोवेनाला जवळ बोलावून म्हणाला, "थोडे दिवस चालव आणि नट पुन्हा आवळून घे. इथेच ये. दुसरीकडे गेलीस तर याद राख." मग कोंचिंगकडे न बघता विचारलं, "ड्रायव्हर विचारतील, टायर कुठले. काय सांगशील?"

"बसवले देल्फिननं, असं सांगेन."

"आणि घेतले कुठून?"

"विचारलं तर खरं सांगेन."

देल्फिननं मान हलवली, हसला नाही. कोंचिंगनं रविवारी जेवायला बोलावलं. "कोंबडी करते. मिलाग्रोसलाही आण."

"बघू," देल्फिन म्हणाला.

त्या "बघू"चा अर्थ कोंचिंगला पुरता कळला. वर जाताना गाडी रोवेनानं चालवली. चढणीवर धुकं उतरायला लागलं तशी रोवेनानं दिवे लावले आणि म्हणाली, "ते येणार नाहीत, नानांग."

"या रविवारी नाही येणार."

"आणि पुढच्या?"

"पुढच्या रविवारीही कोंबडी करीन. तू रस्त्याकडे बघ."