अनुनादातला नाद

पंचाण्णवच्या आसपास मी नगरला कॉलेजात भौतिकशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला होते. वाचनालयातल्या एका मासिकात वाचलं, की एका मेलेल्या ताऱ्याभोवती पृथ्वीहून जड असे दोन ग्रह फिरताहेत. आतल्याचे तीन फेरे होतात, तेवढ्यात बाहेरच्याचे जवळजवळ दोन. याला म्हणतात कक्षांचा अनुनाद. मी वेडीच झाले. कॉलेजात विद्यार्थ्यांची व्याख्यानं व्हायची, त्यात यावरच बोलायचं आणि मराठीतच बोलायचं, असं ठरवून टाकलं.

आमचे विभागप्रमुख सर हसले. "अनुनाद म्हटलं की नाद आला. तिथं हवाच नाही, मग नाद कुठला? आधी मला पटवून दे, नाहीतर विषय बदल."

असा राग आला! पण उत्तर येत नव्हतं, हेही खरं.

पंचमीला कोल्हारला घरी गेले. आई म्हणाली, "लई झाला तुझा ह्यो नाद. परीक्षेचं बघ." मी फुरंगटून बसले, तर माहेरी आलेल्या ताईने मला साडी नेसवून फेर धरायला नेलं. बायका खूप, अंगण लहान, म्हणून फेर दोन धरलेले. मी आतल्या फेरात, ताई बाहेरच्या. आमचा भराभर फिरे, त्यांचा सावकाश. लिंबापाशी आले की ताई समोर यायची आणि हात सोडवून माझा पदर ओढायची. माझं पाऊल चुकायचं.

"दर टायमाला हितंच कशी गं गावतीस?" ताई म्हणाली.

मी जागीच थांबले. मागच्या बायका अंगावर आदळल्या, चार शब्दही ऐकवले. पण अगं बाई, हेच तर! ग्रह फिरून फिरून साधारण त्याच जागी समोरासमोर येतात, एकमेकांना ओढतात आणि त्यांच्या फेऱ्यांची वेळ थोडी थोडी चुकत जाते. त्या चुकण्यावरूनच शास्त्रज्ञांची खात्री पटली होती, की ते ग्रह खरोखर आहेत.

सोमवारी सरांना वर्गाच्या मधोमध उभं केलं. "सर, तुम्ही मेलेला तारा." सगळे खिदळले. मैत्रिणींना दोन फेरांत फिरवलं. फळ्यापाशी गाठ पडली की बाहेरचीने आतलीची ओढणी ओढायची. थोड्याच वेळात आतली अडखळली.

"पण यात नाद कुठंय?" सरांनी हेका सोडला नाही.

मीही सोडला नाही. "त्याला हवा लागत नाही, सर. ओढ लागते."

सरांनी खडू माझ्या हातात दिला. मग म्हणाले, "बोल. मराठीतच बोल."